गावरान उद्गार, शहरी छापखाना

विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी १८८७ मध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को एक्झामिनर’ ताब्यात घेतला. त्यांच्या तिथल्या बिनीच्या संपादकांपैकी आर्थर मॅक्युएन यांचं एक म्हणणं अमेरिकी पत्रकारितेच्या इतिहासात पुन्हा पुन्हा सांगितलं जातं. पहिलं पान पाहून वाचकाच्या तोंडून ‘गी विझ!’ निघालं नाही तर अंक फुकट गेला. दुसऱ्या पानावर ‘होली मोझेस!’ यायला हवं आणि तिसऱ्या पानावर ‘गॉड ऑलमायटी!’. आपल्या भाषेत बोलायचं तर आधी ‘अरेच्चा’, मग ‘बापरे’ आणि शेवटी ‘अरे देवा’. वाचकाला चकित करायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंक घ्यायला लावायचं, एवढाच त्या धंद्याचा हिशेब होता.

मॅक्युएन यांच्या हिशेबात उद्गार वाचकाच्या तोंडचा आहे. पुढे तो कागदावरही दिसू लागला. कधी लेखकाच्या तोंडी, कधी मुलाखत दिलेल्या माणसाच्या, कधी नुसत्या मथळ्यात. आज अमेरिकी साप्ताहिकं आणि दैनिकं वाचताना ‘गॉश’, ‘गॉली’, ‘हेक’, ‘डार्न’, ‘डॉगगॉन’, ‘यू बेच्चा’ हे शब्द सतत भेटतात. ते भेटले की मजकूर मोकळा वाटतो, बोलणारा माणूस जवळचा वाटतो. अमेरिकेबाहेरून इंग्रजी वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ती भाषा त्या देशाच्या मातीतली म्हणून जास्तच आवडते. मलाही आवडते. तरीही हे उद्गार म्हणजे नुसती सजावट, हे मला पटत नाही. ते कोणाच्या तोंडी ठेवायचे आणि कोणाच्या तोंडून काढून टाकायचे, यावर वाचक त्या माणसाला किती गंभीरपणे घेणार हे ठरतं. अमेरिकी छापखान्यानं ही निवड बहुतेक वेळा बलवानाच्या सोयीची केली आहे, आणि गरिबाला तिची किंमत मोजावी लागली आहे.

हे उद्गार मुळात आले कुठून ते थोडक्यात सांगते. प्रोटेस्टंट घरांत देवाचं नाव उगाच घेणं पाप. म्हणून ‘गॉड’चं ‘गॉश’ आणि ‘गॉली’ झालं, ‘जीझस’चं ‘गी’ झालं, ‘डॅम’चं ‘डार्न’ आणि ‘हेल’चं ‘हेक’. आपल्याकडे आईवरची शिवी अर्धी गिळून ‘आयला’ किंवा ‘च्यायला’ म्हणतात, तशातलाच हा प्रकार. म्हणजे हे शब्द खेड्यानं शोधलेले नाहीत. ते सभ्य घरांचे आहेत, आणि शहरातही तितकेच बोलले जात. छापील मजकुरात मात्र ते हळूहळू खेड्याची खूण बनले.

याचं एक कारण छापखान्याच्या नियमांतच आहे. अमेरिकेतली मोठी दैनिकं स्वतःला कुटुंबात वाचली जाणारी दैनिकं मानत आली. खरी शिवी त्यांत छापली जात नसे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या बाबतीत इतका काटेकोर की ऑक्टोबर २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या जुन्या ध्वनिफितीतले अश्लील शब्द जसेच्या तसे छापले गेले, तेव्हा तो निर्णयच चर्चेचा विषय झाला. त्याआधी २०१४ मध्ये कोशकार जेसी शाइडलोअर यांनी त्याच दैनिकात लेख लिहून विचारलं होतं, की शब्दच जेव्हा बातमी असतो तेव्हा तो लपवून वाचकाला काय मिळतं? या नियमाचा एक परिणाम सहसा कोणी बोलून दाखवत नाही. कोळशाच्या खाणीतला माणूस, ट्रकचालक, कत्तलखान्यातली कामगार बाई संतापली की जे बोलते ते छापता येत नाही. ‘गॉश’ आणि ‘डार्न’ मात्र छापता येतं. त्या गाळणीतून त्यांचा राग खाली पडत नाही, फक्त गोडवा पडतो. वर्षानुवर्षं असा मजकूर वाचून शहरी वाचकाच्या मनात खेड्यातल्या माणसाचं जे चित्र तयार होतं ते भाबड्या, गमतीदार, जरा पोरकट माणसाचं असतं. त्या माणसाच्या मागण्या मग त्याच मापानं मोजल्या जातात.

सुरुवात मात्र अशी नव्हती. १८५८ मध्ये क्लीव्हलँडच्या ‘प्लेन डीलर’मध्ये चार्ल्स फॅरर ब्राउन या तरुण पत्रकारानं आर्टेमस वॉर्ड नावाचं पात्र उभं केलं. वॉर्ड हा मेणाचे पुतळे घेऊन गावोगाव खेळ करणारा माणूस, आणि त्याची पत्रं मुद्दाम अशुद्ध वर्णांत छापलेली. २२ सप्टेंबर १८६२ रोजी अब्राहम लिंकन यांनी मंत्रिमंडळाची बैठक बोलावली आणि सगळ्यात आधी या वॉर्डचा एक प्रसंग मोठ्यानं वाचून दाखवला. उटिका गावातला एक धटिंगण ‘शेवटचं भोजन’ या देखाव्यातला, येशूला दगा देणाऱ्या ज्यूडासचा मेणाचा पुतळा ओढून काढतो आणि त्याला बदडतो, असा तो प्रसंग. अर्थमंत्री चेस यांनी हे दैनंदिनीत नोंदवलं आहे. बाकीच्यांना मजा आली, युद्धमंत्री स्टँटन यांना आली नाही. त्यानंतर लिंकन यांनी गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा पुढे ठेवला. झोपडीत जन्मलेला अध्यक्ष, समोर देशातले मोठे वकील आणि बँकांशी व्यवहार करणारे मंत्री, आणि टेबलावर फिरत्या खेळवाल्याची भाषा. तिथे ती भाषा कोणाला खाली ओढत नव्हती.

वीस वर्षांच्या आत चित्र पालटलं. ‘अटलांटा कॉन्स्टिट्यूशन’मध्ये जोएल चँडलर हॅरिस यांचा अंकल रीमस अवतरला आणि १८८० मध्ये त्याचं पुस्तक निघालं. हा कृष्णवर्णीय म्हातारा, एकेकाळचा गुलाम. त्याचं सगळं बोलणं मोडक्या वर्णांत छापलेलं. त्याच दैनिकात हेन्री ग्रेडी उद्योगधंद्यांवर उभ्या राहणाऱ्या ‘नव्या दक्षिणे’चा पुरस्कार करत होते, तो मात्र स्वच्छ, भारदस्त इंग्रजीत. हॅरिस यांनी आफ्रिकेहून आलेल्या लोककथांचं मोठं धन कागदावर आणलं, हे खरं आहे आणि ते नाकारू नये. पण एकाच छापखान्यातून निघणाऱ्या पानांवर गोऱ्या संपादकाची दक्षिणी बोली व्याकरणानं नेटकी करून छापायची आणि काळ्या म्हाताऱ्याचा प्रत्येक उच्चार मोजून वाकडा छापायचा, ही निवड कानानं केलेली नव्हती. दोघेही जॉर्जियाचेच होते.

शहराला खेड्याची ही भाषा किती हवीशी होती आणि खेड्याला किती नकोशी, याचा एक पुरावा गमतीच्या रूपात आपल्यापर्यंत आला आहे. १७ जुलै १९३५ रोजी ‘व्हरायटी’ या करमणूक व्यवसायाच्या पत्रानं मथळा छापला: ‘स्टिक्स निक्स हिक पिक्स’. शब्द यमकात, त्यामुळे तो मथळा पत्रकारितेच्या वर्गांत आजही शिकवला जातो. बातमी काय होती ते मात्र कमी जणांना आठवतं. खेड्यांतल्या प्रेक्षकांनी खेड्यांवर काढलेले चित्रपट नाकारले, ही ती बातमी. हॉलिवूड त्यांच्यासाठी गवताच्या गंज्या, तुटके दात आणि ‘गॉली’ पाठवत होतं आणि ते तिकिटं काढत नव्हते. आपलंच ठोकळेबाज रूप आपल्याला विकायला येतंय, हे त्यांना कळत होतं. आणि ही बातमी देणाऱ्या मथळ्यातही त्यांना ‘हिक’ म्हणजे गावंढळ म्हटलं गेलं.

न्यूयॉर्कची साप्ताहिकं यात मागे नव्हती. हॅरल्ड रॉस यांनी १९२५ मध्ये ‘न्यूयॉर्कर’ सुरू करताना जाहीर केलं, की हे साप्ताहिक ड्युब्यूकमधल्या म्हाताऱ्या बाईसाठी काढलेलं नाही. ड्युब्यूक हे आयोवा राज्यातलं मिसिसिपीकाठचं गाव. रॉस स्वतः कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेनचे, तेव्हाच्या खाणीच्या गावचे. पुढे कित्येक दशकं या साप्ताहिकात लेखांच्या शेवटी उरलेल्या जागेत इतर वर्तमानपत्रांतल्या, पुष्कळदा लहान गावांतल्या पत्रांतल्या, चुकलेल्या ओळी छापल्या जात आणि खाली एखादा चटकदार शेरा असे. ‘ब्लॉक दॅट मेटाफर!’ हा त्यातला प्रसिद्ध शेरा. यातले कितीतरी शेरे ई. बी. व्हाइट यांनी लिहिले. व्हाइट यांचं गद्य मला फार प्रिय आहे. १९३८ मध्ये ते मेन राज्यातल्या शेतावर राहायला गेले आणि ‘हार्पर्स’मध्ये तिथून जे लिहीत राहिले त्यात शेजारच्या माणसांबद्दल खरा आदर आहे. तो आदर आणि गावच्या छपाईवरचे ते शेरे एकाच हातातून उतरत होते, याचं मला वाईट वाटतं.

आता सत्तेकडे वळते, कारण खरा प्रश्न तिथे आहे.

११ एप्रिल २००३. बगदाद दोनच दिवसांपूर्वी पडलेलं, शहरात लुटालूट चालू, राष्ट्रीय संग्रहालयात लुटारू शिरलेले. पेंटागॉनमध्ये संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड पत्रकारांसमोर उभे राहिले. त्या दिवशीची वर्तमानपत्रं पाहून आपला विश्वास बसेना, असं ते म्हणाले. आठ मथळे आणि सगळ्यांत अराजक, हिंसा, अशांतता. आपल्याकडे बालवर्गात सशाची ‘पळा पळा, आभाळ पडलं’ ही गोष्ट सांगतात. रम्सफेल्ड यांनी नेमकी तिची इंग्रजी बहीण, हेनी पेनी कोंबडीची गोष्ट, पत्रकारांना ऐकवली. मग दूरचित्रवाणीवर कोणीतरी फुलदाणी घेऊन इमारतीतून बाहेर पडतंय, तेच दृश्य वीस वेळा दाखवतात, असं सांगून ते म्हणाले: माय गुडनेस, इतक्या फुलदाण्या होत्या तिथे? अख्ख्या देशात तरी इतक्या फुलदाण्या असतील का?

त्या पत्रकार परिषदेचं अधिकृत शब्दांकन उपलब्ध आहे. या वाक्यांमध्ये कंसात एक शब्द आहे: हशा. खोलीत देशातल्या मोठ्या वर्तमानपत्रांचे आणि वाहिन्यांचे प्रतिनिधी बसले होते.

रम्सफेल्ड हे प्रिन्स्टनचे पदवीधर, माजी खासदार, एका मोठ्या औषधकंपनीचे माजी प्रमुख, आणि १९७५ मध्येही संरक्षणमंत्री झालेले. इलिनॉयमधल्या सुखवस्तू उपनगरात वाढलेल्या या माणसाची ‘गॉली’, ‘गॉश’, ‘गुडनेस ग्रेशस’ ही भाषा युद्धाच्या त्या दीड-दोन वर्षांत अमेरिकी पत्रांनी कौतुकानं छापली. तिच्यावर स्वतंत्र लेख झाले. त्या कौतुकामुळे काय झालं ते त्या हशात ऐकू येतं. एका व्यापलेल्या शहरातली सुरक्षा ही ज्या सैन्याची जबाबदारी, त्याच्या मंत्र्याला ‘माय गुडनेस’ या दोन शब्दांनी आजोबांची जागा मिळाली. आजोबांना कोणी आडवे प्रश्न विचारत नाही.

फुलदाण्यांचं म्हणाल, तर बगदादच्या संग्रहालयातून त्या दिवसांत सुमारे १५ हजार वस्तू गेल्या. त्यात वर्काची फुलदाणी होती. उरुक नगरातली, अलाबास्टर दगडाची, सुमारे मीटरभर उंच, पाच हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावर खालून वर पाणी, धान्य, मेंढ्या, नैवेद्य घेऊन निघालेली माणसं आणि सगळ्यात वर देवी इनान्ना, असे कोरीव पट्टे आहेत. माणसानं दगडावर कोरून सांगितलेल्या सगळ्यात जुन्या कथांपैकी ती एक. लुटारूंनी ती बैठकीपासून तोडून नेली. १२ जून २००३ रोजी तीन अनोळखी माणसांनी ती गाडीच्या डिकीतून, तुकडे झालेल्या अवस्थेत परत आणून दिली. हे सगळं पुढच्या महिन्यांत त्याच वर्तमानपत्रांनी नीट छापलं, हे मान्य. पण अकरा एप्रिलच्या खोलीत ज्यांनी हसून दाद दिली, त्यांच्या कानाला त्या घटकेला फुलदाणी ही विनोदी वस्तूच वाटली होती.

रम्सफेल्ड काही पहिले नव्हते. सिनेटर सॅम अर्विन १९७३ मध्ये वॉटरगेटच्या सुनावणीमुळे घराघरांत पोहोचले. ‘मी साधा खेड्यातला वकील’ हे त्यांचं पालुपद. पत्रांनी ते डोक्यावर घेतलं. अर्विन हार्वर्डमध्ये कायदा शिकलेले होते, आणि १९५६ मध्ये शाळांमधल्या वर्णभेदाच्या बाजूनं दक्षिणेच्या खासदारांनी जो जाहीरनामा काढला त्याचे एक मसुदाकार होते. वॉटरगेटमध्ये त्यांनी राज्यघटनेचं काम चोख केलं, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण साध्या खेडवळ वकिलाचं चित्र रंगवताना १९५६ चा तो कागद बहुतेक वेळा चौकटीबाहेर राहिला.

२ ऑक्टोबर २००८ ला सेंट लुइसमध्ये सारा पेलिन आणि जो बायडेन यांची उपाध्यक्षपदाची चर्चा झाली. सुमारे ७ कोटी लोकांनी ती पाहिली. पेलिन यांनी ‘डॉगगॉन इट’ म्हटलं, ‘डार्न राइट’ म्हटलं, कॅमेऱ्याकडे पाहून डोळा मारला. दुसऱ्या दिवशीच्या मजकुरात ‘फोक्सी’, म्हणजे गावाकडच्या साध्या माणसासारखं, हे विशेषण जागोजागी होतं. कोणी कौतुकानं वापरलं, कोणी नाक मुरडून. पेलिन यांच्याकडे पत्रकारितेची पदवी होती, त्यांनी अलास्कात दूरचित्रवाणीवर क्रीडाबातम्या दिल्या होत्या. आपल्या तोंडचा कोणता शब्द उचलून छापला जाईल हे त्यांना त्या खोलीतल्या कोणाहीइतकं ठाऊक असणार. त्या आणि त्यांचे टीकाकार दोघंही ‘डॉगगॉन’बद्दल बोलत राहिले, आणि त्या दिवसांत कोसळत असलेल्या बँकांबद्दल उमेदवाराचं नेमकं म्हणणं काय, हे कोपऱ्यात गेलं. ‘फोक्सी’ या विशेषणाला माझा आक्षेप आहे तो यासाठी. ते लिहिलं की बातमीदाराला काहीतरी निरीक्षण नोंदवल्यासारखं वाटतं, आणि तपास तिथेच थांबतो. वॉरन बफे यांच्याबद्दलच्या मजकुरात हा शब्द इतक्यांदा आला आहे की तो त्यांच्या नावाचाच भाग वाटावा. जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एकाबद्दल लिहिताना हे विशेषण आधी लक्षात येतं, तेव्हा त्या संपत्तीचे व्यवहार, त्यावरचा कर, त्यांच्या कंपन्यांमधले कामगार हे विषय मागे पडतात.

हीच छपाई दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आली की काय होतं?

११ जुलै १९६१ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर बेसबॉलचा ऑल-स्टार सामना झाला. दहाव्या डावात पोर्तो रिकोच्या रोबेर्तो क्लेमेंते यांनी विजयी फटका मारला. सामन्यानंतर ते पत्रकारांशी बोलले. स्पॅनिश त्यांची मातृभाषा, इंग्रजी पुढे शिकलेली. वर्तमानपत्रांनी त्यांचं बोलणं उच्चारानुसार छापलं. ‘हिट’ऐवजी ‘हीट’, ‘इनिंग’ऐवजी ‘ईनिंग’, ‘लास्ट’मधला शेवटचा ‘ट’ खाल्लेला. फलंदाजीची स्थिती, पाठदुखी, गोलंदाजाचा कल याबद्दल हा माणूस बोलत होता, आणि छापून आलं ते लहान मुलाच्या बोबड्या बोलासारखं. चाहते जमवत त्या बेसबॉल कार्डांवरही त्यांचं नाव कित्येक वर्षं ‘बॉब’ छापलं जाई. ‘माझं नाव रोबेर्तो आहे’ असं ते सांगत राहिले. आपल्याला मूर्ख दाखवलं जातंय, हे त्यांना कळत होतं आणि त्याचा त्यांना राग होता. राग व्यक्त केला की तो तापट म्हणून छापला जाई. त्याच काळात दक्षिणेतल्या गोऱ्या खेळाडूंचे मोडकेतोडके शब्दही छापले जात, पण त्यांना लाडानं गावाकडचा गडी म्हटलं जाई. १९७२ च्या शेवटच्या दिवशी निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान पडून क्लेमेंते गेले. नंतर आलेल्या श्रद्धांजलीच्या मजकुरात त्यांचं इंग्रजी एकदम शुद्ध झालं.

भाषाशास्त्रज्ञ डेनिस प्रेस्टन यांनी ऐंशीच्या दशकात यावर काम केलं आणि अशा वाकड्या छपाईला एका चित्रपट्टीतल्या पात्रावरून ‘लिल अ‍ॅब्नर सिंड्रोम’ असं नाव दिलं. मोडक्या वर्णांत छापलेला माणूस वाचकाच्या नजरेत खाली उतरतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या लेखनसंहितेतही ‘गोना’, ‘वाना’ अशी रूपं बोली दाखवण्यासाठी वापरू नयेत, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण तो वर्णांपुरता आहे. उद्गार कोणाचा ठेवायचा आणि कोणाचा गाळायचा, याला अजूनही फक्त संपादकाचा कान हीच कसोटी आहे, आणि तो कान कुठे वाढला हे कोणी विचारत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग सगळं सपक प्रमाण इंग्रजीत लिहायचं का? अजिबात नाही. बोलीचा जिवंतपणा गेला तर वर्तमानपत्र सरकारी परिपत्रक होईल. मॉली इव्हिन्स यांचं उदाहरण मला इथे फार मोलाचं वाटतं. टेक्सासच्या या स्तंभलेखिका १९७६ ते १९८२ ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये होत्या. तिथल्या संपादकांनी आपल्या भाषेचं काय केलं हे त्या सांगत: कोणाचा आवाज दोन डॉलरच्या फिडलसारखा, म्हणजे गावाकडच्या व्हायोलिनसारखा, कर्कश आहे असं त्यांनी लिहिलं, तर छापून येई ‘स्वस्त वाद्यासारखा’. त्या टेक्सासला परतल्या आणि पंचवीस वर्षं त्याच फिडलच्या भाषेत लिहीत राहिल्या. इव्हिन्स काही शेतमजुराची मुलगी नव्हत्या. ह्यूस्टनच्या श्रीमंत वस्तीत वाढलेल्या, स्मिथ आणि कोलंबियात शिकलेल्या, पॅरिसलाही राहिलेल्या. म्हणजे त्यांचा गावरान बाज हा निवडलेला बाज होता, रम्सफेल्ड यांच्या ‘गुडनेस’इतकाच. तरी मी दोघांना एका मापानं मोजणार नाही. इव्हिन्स यांचा उद्गार टेक्सासच्या विधिमंडळातल्या, तेलकंपन्यांच्या पैशावर निवडून आलेल्या आमदारांवर पडत असे. रम्सफेल्ड यांचा उद्गार लुटलेल्या शहरातल्या माणसांवर पडला. जन्मानं अस्सल कोण, हा प्रश्न इथे कामाचा नाही. बोलून झाल्यावर ज्याला उत्तर द्यावं लागतं तो माणूस बोलणाऱ्यापेक्षा वरचा आहे की खालचा, हे पाहावं.

टॉम वुल्फ यांच्याबद्दल माझं मत इतकं सरळ नाही. मार्च १९६५ च्या ‘एस्क्वायर’मध्ये त्यांचा ज्युनियर जॉन्सनवरचा लेख आला. उत्तर कॅरोलायनातल्या विल्क्स काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) हा मोटारशर्यतपटू, तरुणपणी बापाच्या भट्टीची चोरटी दारू रात्रीच्या अंधारात गाडीतून पोहोचवणारा, त्यापायी तुरुंगातही गेलेला. लेखाच्या नावातच ‘येस!’ असा उद्गार. मजकुरात निवेदक आणि प्रेक्षकातला माणूस यांचे आवाज एकमेकांत मिसळतात, शपथांसारखे लांबलचक उद्गार अर्ध्या वाक्यात फुटतात, आणि हे कोण म्हणालं ते कळत नाही. व्हर्जिनियातल्या रिचमंडचे, येलची डॉक्टरेट घेतलेले वुल्फ त्या डोंगरी माणसाकडे वरून पाहत नाहीत. फेडरल पोलीस, मोटारकंपन्या, शेती हे सगळं त्या लेखात आहे, म्हणून तो आजही वाचवतो. पण वुल्फ यांच्यामागून जे शेकडो लेखक आले त्यांनी उद्गारचिन्हं उचलली आणि विल्क्स काउंटीच्या अर्थकारणाचा अभ्यास सोडून दिला.

डोंगराळ प्रदेशातून उलट दिशेनं आलेला एक उद्गार आहे, तो फारसा उद्धृत होत नाही. पूर्व केंटकीत लेचर काउंटीत व्हाइट्सबर्ग नावाचं छोटं गाव आहे. १९५६ मध्ये टॉम आणि पॅट गिश या जोडप्यानं तिथलं ‘माउंटन ईगल’ हे साप्ताहिक विकत घेतलं. आधी त्याच्या शीर्षकाखाली आपण मैत्रीपूर्ण, पक्षनिरपेक्ष साप्ताहिक आहोत असं काहीसं सौम्य वाक्य होतं. गिश यांनी ते काढून तिथे छापलं: ‘इट स्क्रीम्स!’ हे ओरडतं! शाळामंडळाच्या आणि काउंटीच्या बैठकांत पत्रकारांनी बसू नये, असं तिथल्या पुढाऱ्यांचं म्हणणं, तर गिश बसले. डोंगराचा माथा खरवडून कोळसा काढणाऱ्या कंपन्यांविरुद्ध, मोडकळलेल्या शाळांबद्दल, पोलिसांच्या वागणुकीबद्दल लिहिलं. जाहिराती बंद झाल्या. ऑगस्ट १९७४ मध्ये कचेरीला आग लावण्यात आली आणि त्यात गावातल्या एका पोलिसाला दोषी ठरवण्यात आलं. आगीनंतरच्या अंकावर छापलं होतं: ‘इट स्टिल स्क्रीम्स!’

या तीन शब्दांच्या ओळीत ‘गॉली’ नाही, ‘शक्स’ नाही, वर्ण मोडलेले नाहीत. खेड्यातल्या माणसानं स्वतः छापखाना चालवला तर त्याचा उद्गार असा असतो. साठच्या दशकात याच भागात बाहेरचे कॅमेरे रांग लावून येत होते. जानेवारी १९६४ मध्ये ‘लाइफ’नं तिथल्या दारिद्र्यावर मोठा छायाचित्रलेख केला, एप्रिलमध्ये अध्यक्ष जॉन्सन पूर्व केंटकीतल्याच मार्टिन काउंटीत एका बेकार माणसाच्या ओसरीवर जाऊन बसले. १९६७ मध्ये लेचर काउंटीतच ह्यू ओकॉनर या कॅनडाच्या चित्रपटकाराला एका जमीनमालकानं गोळी घालून मारलं. ते खाणकामगाराच्या भाड्याच्या घराचं चित्रीकरण करत होते. हा निर्घृण खून होता, त्याचं कसलंही समर्थन होऊ शकत नाही. पण खटल्याच्या वेळी गावातल्या पुष्कळांची सहानुभूती मारेकऱ्याकडे गेली, आणि त्यामागे बाहेरच्या माणसांकडून आपली शोभा झाल्याची वर्षांची साठलेली भावना होती, हे तेव्हाच्या चांगल्या वार्तांकनातून दिसतं. ज्या लेखणीनं आणि कॅमेऱ्यानं ती भावना साठवली, तिला यातली आपली जबाबदारी झटकता येणार नाही.

आज हा प्रश्न जुना झालेला नाही, उलट बिकट झाला आहे. २००५ पासून अमेरिकेतली एक तृतीयांशाहून अधिक वर्तमानपत्रं बंद पडली. दोनशेहून अधिक काउंट्यांमध्ये आता स्थानिक बातम्यांचं एकही साधन उरलेलं नाही. तिथल्या शाळामंडळाच्या बैठकीत कोणी बसत नाही. दर चार वर्षांनी, निवडणूक आली की, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनहून बातमीदार येतो, हमरस्त्यावरच्या डायनरमध्ये बसतो, कॉफीच्या कपावर वाकलेल्या निवृत्त माणसाला मत विचारतो. २०१६ नंतर तर या मजकुराचा वेगळा प्रकारच रूढ झाला. त्यात ‘हेक’ आणि ‘डार्न’ हमखास असतं. माणसाचं नाव, टोपीवरची अक्षरं, मागवलेला नाश्ता हेही असतं. गावातलं रुग्णालय चालू आहे की बंद पडलं, पाण्याच्या योजनेचं काय झालं, त्या माणसाचं निवृत्तिवेतन कोणत्या कंपनीबरोबर बुडालं, हे बहुतेक वेळा नसतं, कारण ते एका दुपारच्या मुक्कामात कळत नाही. मग ती रिकामी जागा उद्गार भरून काढतो.

बातमीदाराला दोष देऊन हे सुटणार नाही. त्याला पाठवणाऱ्यांनी पैसा कुठे खर्च करायचा ते बदलायला हवं. २०१७ मध्ये सुरू झालेला ‘रिपोर्ट फॉर अमेरिका’ हा उपक्रम तरुण बातमीदारांना लहान गावांतल्या वृत्तकक्षांत नेमतो आणि त्यांच्या पगाराचा वाटा उचलतो. मोठ्या दैनिकांना हे सहज जमण्यासारखं आहे. डायनरच्या फेऱ्यांवर होणारा खर्च अशा काउंटीत वर्षभर राहणाऱ्या एका बातमीदाराच्या पगारात घालावा, त्याचा मजकूर त्याच्या नावानिशी छापावा, आणि न्यूयॉर्कच्या टेबलावर त्यातले उद्गार वाढवू किंवा गाळू नयेत. मग खाणीतला माणूस ‘डार्न’ म्हणाला की त्याहून कडक काही म्हणाला, आणि ते छापायचं की नाही, हे तो माणूस ज्याला पुढच्या आठवड्यात रस्त्यात भेटणार आहे तोच ठरवेल.